बाटलीतलं वरचं पाणी

उमरेड, २६ मे १९७८

चि. प्रेमिला हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारी बुद्धपौर्णिमेचं रक्तदान आटोपून तुमची गाडी नागपूरला गेली आणि विहाराचं अंगण लग्नघरासारखं सुनं झालं. बत्तीस बाटल्या झाल्या. आमच्या वस्तीत एवढ्या माणसांनी एका दिवशी एकच गोष्ट केल्याचं मला छप्पन सालानंतर आठवत नाही.

तू चौथीत कविता म्हणताना तिसऱ्या कडव्यावर अडायचीस आणि फ्रॉकचं टोक चावायचीस. माझ्या हातात सुई घालताना तुझं तोंड अगदी तसंच झालं होतं, फक्त हात अडला नाही. सिंधूताई मागून ओरडली, "हळू टोच वं बाई, बुढा हाये तो!" ते मात्र मला लागलं. मला एकोणसाठच पुरी झाली आहेत. पुढच्या एप्रिलात साठी, मग तुम्ही घेणार नाही. आतापर्यंत तीनदा दिलं. आधीच्या दोन खेपांना विचारलं नाही, आता विचारतो: माझी बाटली कुठे जाईल? चिठ्ठीवरचा आकडा मी वाचून ठेवला आहे, चारशे बारा.

हा म्हातारचळ नव्हे. माझ्या बापाच्या हातचं पाणी ज्या गावात कोणी घेतलं नाही, तिथल्याच कुणाच्या अंगात त्याच्या मुलाचं रक्त आडनाव न विचारता जाणार, ही गोष्ट मला या वयात झोपाळ्यावर बसल्यासारखी वाटते. दोन ओळीही झाल्या:

निघाली नदी सोडुनी गाव माझे
कुणाच्या उशाशी तिचे नीर वाजे

भुजंगप्रयात आहे, मोजून बघ. नदी कुठे पोचली तेवढं कळव.

तुझा गुरुजी,
आनंदराव सुखदेवे


नागपूर, १९ जून १९७८

आदरणीय गुरुजींना प्रेमिलाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. इथे उन्हाने कहर केला होता. रक्तपेढीचा नवा फ्रिज इतका घुरघुरतो की डॉक्टरसाहेब त्याला सासरा म्हणतात. लोक मला सिस्टर म्हणतात, मी नर्स नाही, रक्त तपासणारी आहे, हे सांगून थकले. आई बरी आहे. भाऊ हिंगण्याच्या कारखान्यात कायम झाला.

तुमची बाटली एका बाळंतिणीला दिली, काटोलकडची होती. बरी होऊन घरी गेली. नाव सांगायचा नियम नाही, म्हणून आणखी विचारू नका.

दोन ओळी मोजल्या. बरोबर बसतात.

आपली,
प्रेमिला धकाते


उमरेड, २ जुलै १९७८

चि. प्रेमिला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी विहारात वाचून दाखवलं. बाळंतीण म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भागीरथा म्हणाली, "मंग आपले गुरुजी त त्या लेकराचे मामाच झाले." तेव्हापासून अर्धी वस्ती मला मामा म्हणून राहिली आहे. चाळीस वर्षं गुरुजी म्हणवून घेतलं, पण हे नातं कोणी लावलं नव्हतं.

नियम मोडू नकोस. पण मुलगा की मुलगी, एवढं कळलं तर काय बिघडतं? नागपूरच्या पुढे बस काटोलवरून जाते तेव्हा संत्र्याच्या बागा खिडकीतून मी पूर्वीही बघत होतो. आता वाटतं, यातल्या एखाद्या बांधावर कोणी माझ्या ओळखीचं चालत असेल.

ऑक्टोबरात, विजयादशमीच्या आधी, पुन्हा गाडी आणा. या वेळी साठ बाटल्या देतो म्हणून मी सगळ्यांसमोर शब्द दिला आहे.

तुझा गुरुजी


नागपूर, २३ जुलै १९७८

आदरणीय गुरुजी,

मुलगी झाली.

एक विचारायचं होतं. रक्त देण्याआधी तुम्ही तापाच्या गोळ्या घेतल्या होत्या का? तुमच्या घरी कोणाला वरचेवर कावीळ होते का? सहज विचारते. इथे एक टिपण करत आहे.

आपली,
प्रेमिला


उमरेड, १४ ऑगस्ट १९७८

कु. धकाते, रक्तपेढी, नागपूर, यांस.

आमच्या वस्तीतला धोंडबा तुमच्याकडे बाटल्यांची ने-आण करतो, हे तुम्हांस ठाऊकच आहे. तो सुट्टीवर आला होता. पानठेल्यावर कोणी मला मामा म्हटलं तेव्हा तो खाली बघायला लागला. मी त्याला बाजूला घेतलं.

तो म्हणाला, "गुरुजी, कोणाले सांगू नका जी. तुमची बाटली त मोरीत ओतली."

मी विचारलं, काहून?

"मले काय मालूम. मागच्या दोन्हीबी ओतल्या होत्या. तुमच्या नावापुढं लाल पेन्सिलीची खूण हाये रजिस्टरात."

त्या रजिस्टरात आडनाव लिहिलेलं असतं. सुखदेवे म्हणजे कोण, हे नागपुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी रागावलेलो नाही. लहानपणी शाळेत आम्हाला वरून पाणी ओतत, ओंजळ खाली धरावी लागे. ओंजळीत पडायचं त्यापेक्षा जास्त जमिनीवर जायचं. त्या जमिनीवरच्या पाण्याकडे बघायची मला सवय आहे. फक्त ते माझं रक्त असेल, असं वाटलं नव्हतं.

एवढंच कळवावं, ओतणारा हात कोणाचा होता. ऑक्टोबरात गाडी पाठवू नये. मी येणार नाही आणि मी ज्यांना बोलावलं होतं तेही येणार नाहीत.

आ. सुखदेवे


नागपूर, १७ ऑगस्ट १९७८

आदरणीय गुरुजी,

हात माझा होता. तिन्ही वेळा माझाच.

काटोलची बाळंतीण खोटी. मुलगीही खोटी. आता खरं लिहिते, ते वाचून मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

रक्ताची बाटली थंड कपाटात ठेवली की लाल भाग खाली बसतो आणि वर पाणी निवळतं. तुरीच्या वरणावर येतं तसं, पिवळसर. ते पाणी पिवळं आहे तोवर बाटली चांगली. ते लाल व्हायला लागलं, की खालचे रक्ताचे कण फुटत आहेत असं समजायचं आणि बाटली फेकायची. एकवीस दिवस टिकवायची असते. तुमचा गट एबी. तसा रोगी आठवड्यात एखादाच येतो, म्हणून तुमची बाटली कपाटात थांबून राहते. आणि बाराव्या दिवशी वरचं पाणी गुलाबी होतं, पंधराव्याला डाळिंबासारखं.

पहिल्यांदा डॉक्टरसाहेब मला बोलले, "बाटली नीट धुतली नाही." मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाले, उमरेडच्या रस्त्याने गाडी आदळली असेल. या खेपेला म्हणाले, मे महिन्याचं ऊन लागलं. पण गुरुजी, बर्फाच्या त्याच पेटीत तुमच्या बाटलीला टेकून धोंडबाच्या काकांची बाटली होती. तोच रस्ता, तेच ऊन, मीच धुतलेली. ती एकविसाव्या दिवशीही स्वच्छ होती.

मला दुसऱ्या खेपेलाच शंका आली होती, तेव्हापासून मी वही घातली आहे. दोनशे चौदा बाटल्या रोज उजेडात धरून बघितल्या. सगळ्यांचं रक्त सारखं टिकत नाही. बायकांचं पुरुषांपेक्षा बरं टिकतं. आणि ज्याचं एकदा लवकर लाल झालं, त्याचं दुसऱ्या खेपेलाही तसंच होतं. अशी अकरा माणसं निघाली. त्यांच्या पुढे लाल पेन्सिल. त्यात इतवारीचे धान्याचे व्यापारी गुलाबचंदजी आहेत. माझा सख्खा भाऊ आहे, त्याचं तेराव्या दिवशी गेलं. कारण मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. औषध असेल, कावीळ असेल म्हणून तुम्हाला ते प्रश्न विचारले. या माणसांना काही आजार नाही. त्यांचं रक्त ताजं असताना कोणाहूनही कमी नाही. ते कपाटात थांबत नाही, एवढंच.

हे सरळ का लिहिलं नाही? लहानपणी तुम्ही आमच्या घरी यायचात तेव्हा तुमच्यासाठी कानाची कड फुटलेला एक वेगळा कप होता. मी तो तुमच्या हातात दिला आहे. तुम्ही चहा पिऊन तो स्वतः धुऊन कोनाड्यात पालथा घालायचात. त्या घरातल्या मुलीने तुम्हाला लिहायचं, की गुरुजी, तुमचं रक्त टिकत नाही? लेखणी चालली नाही. खोटं चाललं, आणि बघा कुठवर गेलं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणायला मला तोंड नाही. एकदा येऊन डोळ्यांनी बघा.

प्रेमिला


उमरेड, २९ ऑगस्ट १९७८

कु. प्रेमिला हिस.

तुझं पत्र चारदा वाचलं. अडचण अशी, की तुझी आधीची दोन पत्रंही तितकीच चांगली लिहिलेली होती.

कप मला आठवतो. त्यावर निळं फूल होतं.

मी येतो. पण माझ्या पद्धतीने बघेन. बोर्डाच्या परीक्षेचे पेपर मी एकोणीस वर्षं तपासले. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणाचा ते तपासणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे मी कधी कोणावर अन्याय केला असेल, तर तो न ओळखता केला.

सोमवारी, ४ सप्टेंबरला, सकाळच्या बसने आम्ही बारा जण येतो. वस्तीतले पाच, कोष्टीपुऱ्यातले तीन, गोवारी दोन, आमचे पोस्टमास्तर गोपाळराव आणि मी. तू आमच्यापुढे यायचं नाहीस. धोंडबा दुसऱ्या खोलीत प्रत्येकाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेईल, त्याला ते येतं म्हणतो. नळ्यांना चिठ्ठ्या मी चिकटवीन, एक ते बारा. नावांची यादी पाकिटात घालून लाखेची मोहोर लावून गोपाळरावांच्या पोस्टाच्या तिजोरीत राहील. पंधराव्या दिवशी तू फक्त आकडे कळव.

गोपाळरावांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे गुरुजी, मरणाआधी माझा पण पेपर तपासून घेता काय?" पण येतात.

आनंदराव सुखदेवे


नागपूर, २० सप्टेंबर १९७८

आदरणीय गुरुजी,

काल पंधरावा दिवस झाला. नळ्या खिडकीपाशी नेऊन बघितल्या. डॉक्टरसाहेबही आले. आधी हसत आले, मग दोनदा चष्मा पुसला.

चार आणि नऊ लाल झाल्या आहेत. बाकी दहा स्वच्छ.

कोण चार, कोण नऊ, मला माहीत नाही. चार तुम्ही नसाल आणि नऊही नसाल, तर मी तुमच्याशी खोटं बोलले आणि दोनशे चौदा वेळा स्वतःशीही. मग मी ही नोकरी कशाच्या जोरावर करू ते मला कळत नाही. पाकीट उघडा.

प्रेमिला


उमरेड, २४ सप्टेंबर १९७८

चि. प्रेमिला हिस अनेक आशीर्वाद.

आज रविवार. पाकीट विहारात सगळ्यांसमोर फोडलं. गोपाळरावांनीच यादी वाचली. चार म्हणजे मी. नऊ म्हणजे ते स्वतः. जानव्याला हात लावून उभे राहिले. सिंधूताई म्हणाली, "घ्या भाऊ, आता तुमीबी आमच्याच पंगतीत." सगळे हसले, तेही हसले. वस्तीतले बाकीचे पाचही जण स्वच्छ निघाले. धोंडबाचा काका तर परीक्षेत पहिला आल्यासारखा मिशी पिळत फिरतो आहे.

तुझ्यावरचा माझा आरोप मी परत घेतो. सगळ्यांसमोर घेतला, आता लेखी घेतो.

पण तुला म्हणून सांगतो. हसू ओसरल्यावर मी मागच्या पारावर जाऊन बसलो. कोणी आडनाव बघून ओतलं असतं, तर मी भांडलो असतो. भांडायची मला सवय आहे, भांडून जिंकायचीही थोडी आहे. हे कोणाशी भांडू? माझंच रक्त मला न विचारता फुटतं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी नाकारलेलं मी खरं मानलं नाही, आणि आता एका काचेच्या नळीने नाकारलं ते मानावं लागतं. तुझं चुकलं नाही. मला थोडे दिवस लागतील.

विजयादशमीच्या आधीचा रविवार, ८ तारीख ठरवा. साठ बाटल्यांचा शब्द दिला आहे. मी नावं लिहून घेईन.

तुझा गुरुजी


नागपूर, १६ ऑक्टोबर १९७८

आदरणीय गुरुजी,

त्रेसष्ट बाटल्या झाल्या. तुम्ही टेबलाशी बसून प्रत्येकाला आधी पोह्यांकडे पाठवत होतात. स्वतः मात्र सुईकडे पाठ करून बसलात, ते मी बघितलं.

डॉक्टरसाहेबांशी तीन दिवस बोलत होते. शेवटी ते मानले. लाल पेन्सिलीच्या माणसांचं रक्त आता कपाटात ठेवायचं नाही. त्यांची वेगळी यादी केली. अशा गटाचा रोगी आला, की बोलवायचं, घ्यायचं आणि त्याच दिवशी चढवायचं. काही रोग्यांना ताजंच रक्त लागतं, ते शिळ्याने भागत नाही. उमरेडला निरोप पोस्टाच्या फोनवर देऊ.

यादीत पहिलं नाव तुमचं घातलं आहे, न विचारता. नको असेल तर खोडते.

आपली,
प्रेमिला


उमरेड, २३ नोव्हेंबर १९७८

चि. प्रेमिला हिस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी नऊ वाजता गोपाळराव सायकलवर दारात आले. "चला गुरुजी, तुमचं बोलावणं आलं. माझं काही येत नाही, माझा गट ओ, ढिगाने मिळतो." दाढी अर्धी राहिली होती, तशीच बसमध्ये बसलो. नंदनवनाच्या वळणावर बस अर्धा तास रखडली. मी कंडक्टरला म्हटलं, "बाप्पा, माझ्या अंगात एक माल आहे, तो नासतो." तो म्हणाला, "मंग बर्फ ठेवा जी."

त्या गडबडीत आपलं बोलणं झालं नाही. तू बाटली घेऊन गेलीस तेव्हा ती अजून कोमट होती. हात लावून बघू दिलंस, हे मी विसरणार नाही. मी बाकावर बसून चहा प्यायलो. दोन तास कविता सुचेल म्हणून वाट बघितली, सुचली नाही. मग चारची बस धरली.

कोण होता ते विचारत नाही. पण कसा आहे ते कळव. आणि प्रेमिला, मी म्हातारा आहे, मला बरं वाटेल म्हणून लिहू नकोस. जे आहे ते लिही.

तुझा गुरुजी


नागपूर, २७ नोव्हेंबर १९७८

आदरणीय गुरुजी,

तो वाचला नाही. बुधवारी पहाटे गेला.

हिंगण्याला कामावर जाताना मोटरसायकलवरून पडला होता, पोटात आतून रक्त वाहत होतं. चौतिशीचा होता. डॉक्टरांनी पोट उघडलं, जमेल ते शिवलं. कपाटात एबीची एकच बाटली होती, ती आधीच संपली होती. तुमची लागली तेव्हा त्याची नाडी हाताला लागत नव्हती. अर्ध्या तासाने तो शुद्धीवर आला आणि पाणी मागितलं.

त्याची बायको भंडाऱ्याला माहेरी होती. ती साडेसहाला पोचली. तो तिच्याशी बोलला. मी नळी बघायला गेले होते म्हणून थोडं कानावर आलं. धाकटीला शाळेत घालायचं म्हणत होता, आणि घराची किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे दिली ते सांगत होता. ती त्याला म्हणाली, "आता चूप राहा ना, उद्या सांगा." तो चूप राहिला नाही, नऊपर्यंत बोलत होता.

हे लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं.

आपली,
प्रेमिला


उमरेड, १ डिसेंबर १९७८

चि. प्रेमिला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. विहारात वाचलं नाही. गोपाळरावांना दाखवलं, त्यांनी दोनदा वाचून घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "साडेसहा ते नऊ. अडीच तास, गुरुजी."

कोळसाखाणीचा रात्रीचा भोंगा वाजेपर्यंत मी अंगणात बसलो होतो. किल्ली शेजाऱ्याकडे आहे हे तिला कळलं, याचं मला फार बरं वाटतं. का ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. त्याच्या धाकटीला शाळेत कोण घालणार, वय काय, तिला पाटी-पुस्तक लागेल का, एवढं नियमात बसलं तर त्या बाईंना विचार.

दोन खेपांत तीन महिन्यांचं अंतर हवं, असं तूच सांगितलं होतंस. एकवीस फेब्रुवारीला तीन महिने पुरे होतात, आणि साठी एप्रिलात आहे. म्हणजे एकदा येता येईल. निरोप नऊच्या आत आला तर साडेनऊची बस मिळते. गोपाळरावांना सांगून ठेवलं आहे.

तुझा गुरुजी,
आनंदराव सुखदेवे